डोळ्याच्या औषधाची मर्यादा



पीठ दळून आणलं की मी डब्यावर कागदाची चिठ्ठी लावते. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. सासूबाईंनी लावलेली ही शिस्त चाळीस वर्षं मोडलेली नाही. गाळलेलं पाणी अठ्ठेचाळीस मिनिटं, उकळलेलं चोवीस तास. हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्याही घरी हेच चालतं.

आता माझ्या फ्रिजच्या दारातली गोष्ट सांगते. तिथे लोण्याच्या कप्प्यात औषधाच्या बाटल्यांची एक छोटी वस्ती होती. कुणाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब, कुणाचे डोळे आले होते तेव्हाचे. त्यांच्यावर चिठ्ठी नव्हती. कॉमर्स शिकलेल्या बाईला अर्धी भरलेली बाटली टाकवत नाही.

सहा वर्षांपूर्वी भाद्रपदात, दशलक्षण पर्वात, आमच्या ह्यांचा उजवा डोळा लाल झाला. शेतावरून आले होते, काहीतरी उडालं असेल. रोज मंदिर, पूजा, येणारे-जाणारे, डॉक्टरांकडे जायला सवड नव्हती. मी फ्रिजमधली एक बाटली काढली आणि दिवसातून चार वेळा घालायला लागले. लाली कमी झाली. मला बरं वाटलं. तिसऱ्या रात्री ते वेदनेने उठून बसले.

डॉक्टरांनी मशीनवर डोळा पाहिला आणि म्हणाले, बुबुळावर व्रण आहे. मग बाटली मागितली. त्या थेंबांत स्टिरॉइड होतं. त्याने लाली दबते, पण आतला जंतू मोकळा सुटतो. मग त्यांनी विचारलं, "ही कधी उघडली होती?" मला सांगता आलं नाही. मागच्या दिवाळीच्या आधी, एवढंच आठवत होतं.

डोळा वाचला, पण फूल पडलं. त्या डोळ्याने त्यांना आजही धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. म्हणूनच तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. त्यानंतर डोळ्यांची औषधं कशी बनतात, कशी बनत आली, हे मिळेल तिथून वाचत गेले. आजचा लेख त्या वाचनाचा आहे.

पहिलं आश्चर्य हे, की जुन्या काळी डोळ्याचं औषध बहुधा पातळ नसे. ते कोरडं असे, वडीसारखं.

इटलीत टस्कनीच्या किनाऱ्याजवळ समुद्रात बुडालेलं एक जहाज १९७४ मध्ये सापडलं. ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. त्यात कथलाची एक गोल डबी होती, घट्ट झाकणाची. आत राखाडी रंगाच्या चपट्या वड्या, सुमारे चार सेंटीमीटर रुंद आणि एक सेंटीमीटर जाड. आपल्या पेढ्याएवढ्या. दोन हजार वर्षं समुद्राखाली राहूनही त्या टिकल्या होत्या. २०१३ मध्ये त्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात मुख्य भाग जस्ताच्या संयुगांचा निघाला, शिवाय मेण, देवदारवर्गीय झाडाची राळ, चरबी आणि तेल. जस्त पाहून अभ्यासकांनी हे डोळ्यांचंच औषध असावं असं म्हटलं. रोमन लोक अशा औषधाला 'कोलिरियम' म्हणत आणि तो शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ छोटी गोल पाव-रोटी! रोमन वैद्य ओल्या वडीवर दगडी शिक्का उठवत. त्यावर वैद्याचं नाव, औषधाचं नाव आणि कुठल्या तक्रारीवर ते घ्यायचं तेही असे. म्हणजे लेबलच. असे शिक्के फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन इकडे पुष्कळ सापडले आहेत. वापरताना वडीचा तुकडा पाण्यात, दुधात किंवा अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यात उगाळायचा.

आपल्याकडेही तसंच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राची सुरुवातच डोळ्यांच्या रोगांनी होते. त्यात ७६ नेत्ररोग सांगितले आहेत. अंजनाचे तीन प्रकार दिले आहेत: गुटिका म्हणजे गोळी, रसक्रिया म्हणजे काढा आटवून केलेला घट्ट लेप आणि चूर्ण. थेंब टाकण्याला 'आश्च्योतन' असं नाव आहे. 'तर्पण' नावाच्या उपचारात डोळ्याभोवती उडदाच्या पिठाची पाळी बांधून आत कोमट तूप भरतात. हे वाचताना मला आमच्या आजीची सहाण आठवली. तीही नातवंडांच्या डोळ्यांसाठी काहीबाही उगाळायची, पण उगाळलेलं उरलं तर ठेवायची नाही, धुऊन टाकायची.

या कोरड्या वडीत एक शहाणपण होतं. कोरड्या वस्तूत जंतू सहसा वाढत नाहीत. पाणी लागलं की वाढतात. जंतू हा शब्द माहीत नसतानाही लोकांना हे अनुभवाने कळलं असावं.

पण जुनं ते सगळं सोनं, असंही मी म्हणणार नाही. सुरमा ज्या काळ्या चकचकीत दगडाचा करत, तो पुष्कळदा शिशाचा खनिज असे. शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं, हे आज निश्चित माहीत आहे. घरच्या काजळात शिसं नसलं, तरी आपलं बोट आणि डबी यांतून बाळाच्या डोळ्यात घाण जातेच. बाळाला काजळ डोळ्यात घालू नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मी माझ्या दोन्ही मुलांना घातलं होतं. नातीला सुनेने घालू दिलं नाही तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तिचंच बरोबर होतं.

पातळ थेंबांचं युग खऱ्या अर्थाने आलं एकोणिसाव्या शतकात. तेव्हा युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी वनस्पतींमधलं नेमकं औषधी द्रव्य वेगळं काढायला सुरुवात केली. बेलाडोना या विषारी झुडपातून १८३० च्या दशकात अॅट्रोपीन निघालं. बेलाडोना म्हणजे इटालियनमध्ये 'सुंदर स्त्री'. डोळ्यांची बाहुली मोठी आणि आकर्षक दिसावी म्हणून तिकडच्या स्त्रिया त्याचा रस डोळ्यात घालत, असं सांगतात. आपला डोळा तपासताना बाहुली मोठी करणारे जे थेंब टाकतात, ते याच कुळातले.

दुसरी गोष्ट पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार भागातल्या एका विषारी घेवड्याची. तिथे आरोपीला तो खायला लावत. मेला तर गुन्हेगार, वाचला तर निर्दोष. त्या बीने डोळ्याची बाहुली बारीक होते, हे १८६० च्या दशकात लक्षात आलं आणि १८७६ मध्ये लुडविग लाकर या नेत्रवैद्याने त्यातलं द्रव्य काचबिंदूवर वापरलं. त्याला स्वतःलाच काचबिंदू होता. लगेच पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या एका झुडपातलं पिलोकार्पीन काचबिंदूसाठी वापरात आलं. ते आजही मिळतं. १८८४ मध्ये कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवलं. त्याआधी मोतीबिंदूचं ऑपरेशन शुद्धीवर असलेल्या माणसाला घट्ट धरून करत. नुसती कल्पना केली तरी अंगावर काटा येतो.

आई झालेल्या प्रत्येकीने ऐकावी अशी गोष्ट मात्र जर्मनीतल्या लाइपझिगची. जन्माच्या वेळी आईकडून बाळाच्या डोळ्यांना संसर्ग होई आणि कित्येक बाळं आंधळी होत. कार्ल क्रेडे या प्रसूतितज्ज्ञाने १८८० मध्ये एक साधा नेम सुरू केला. प्रत्येक बाळाचे डोळे पुसायचे आणि काचेच्या कांडीने सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा एक थेंब टाकायचा. त्याच्या रुग्णालयात आधी शंभरातल्या दहाएक बाळांना हा आजार होई. ते प्रमाण एकाच्याही खाली आलं. एका थेंबाने किती लेकरांनी आईचं तोंड पाहिलं असेल!

इतकी गुणी औषधं आली, पण ती ठेवायची कशी, इकडे फारसं लक्ष नव्हतं. औषधाच्या दुकानात कंपाउंडर पाण्यात द्रव्य विरघळवून बाटली भरून देई. डॉक्टरांच्या टेबलावर एक मोठी बाटली असे, तिच्यात ड्रॉपर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यात त्याच ड्रॉपरने थेंब पडे. ड्रॉपरचं टोक कुणाच्या पापणीला लागे आणि पुन्हा बाटलीत जाई. आपण पाण्याच्या माठात उष्टं भांडं बुडवू का? पण तिथे तेच चाललं होतं.

त्याचं सर्वांत वाईट उदाहरण फ्लुओरेसिनचं. डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेल्यावर ते एक केशरी टोकाची कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवतात आणि निळ्या उजेडात डोळा पाहतात, तोच हा रंग. बुबुळावर कुठे खरचटलं असेल तर ती जागा हिरवी चमकते. पूर्वी हा रंग पातळ द्रावणाच्या रूपात बाटलीत असे. त्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू मजेत वाढतो. हा पाण्याचा जंतू आहे. मोरी, नळ, ओलं फडकं, सगळीकडे असतो. धडधाकट बुबुळाला तो सहसा काही करत नाही, पण खरचटलेल्या जागी शिरला तर एक-दोन दिवसांत डोळा घालवू शकतो. आणि फ्लुओरेसिन टाकायचं कुणाच्या डोळ्यात? ज्याला खरचटल्याचा संशय आहे त्याच्याच! जखम शोधायला गेलेलं औषधच जखमेत जंतू सोडत होतं.

यावर १९५१ मध्ये सॅम्युएल किमुरा या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने जो उपाय सुचवला तो किती साधा होता पाहा. रंग कागदाच्या पट्टीवर वाळवायचा, पट्टी निर्जंतुक करून पाकिटात ठेवायची, एका रुग्णाला एक पट्टी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वडीचं शहाणपण पुन्हा आलं: कोरडं ठेवा, हवं तेव्हाच ओलं करा.

अशा घटनांमुळे १९५३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर केलं की डोळ्यांसाठीचं द्रावण निर्जंतुक नसेल तर ते भेसळीचं मानलं जाईल. १९५५ मध्ये तिथल्या औषधसंहितेत हा नियम आला. विचार करा, माझ्या जन्माच्या थोडंसंच आधी. तोवर इंजेक्शन निर्जंतुक लागतं हे सर्वांना मान्य होतं, डोळ्याचं औषध मात्र नाकाच्या थेंबांच्या रांगेत होतं. सुधारणाही एका दिवसात झाली नाही. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये डोळ्याच्या मलमातून हाच स्यूडोमोनास रुग्णांच्या डोळ्यांत गेला होता.

आता कारखान्यात हे औषध कसं बनतं ते थोडक्यात सांगते. मला यात आपल्या स्वयंपाकघराचं मोठं रूप दिसलं.

आधी पाणी. ते इंजेक्शनच्या दर्जाचं, ऊर्ध्वपातनाने शुद्ध केलेलं. त्यात औषध, आणि अश्रूंशी जुळेल इतकं मीठ. अश्रूंचा खारटपणा साधारण ०.९ टक्के मिठाच्या पाण्याइतका असतो. कमी-जास्त झालं की डोळा चुरचुरतो. म्हणूनच साधं पाणी डोळ्यात झोंबतं आणि सलाइन झोंबत नाही. आंबटपणाही अश्रूंच्या जवळ ठेवावा लागतो, नाहीतर डोळा पाणी सोडून औषध वाहून टाकतो.

मग गाळणं. आपण पाणी गाळायला दुहेरी जाड कापड धरतो. तिथे एक पातळ पडदा असतो, त्याची छिद्रं ०.२२ मायक्रॉनची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पूर्वी ०.४५ मायक्रॉनचा पडदा पुरेसा मानत. १९६० च्या सुमारास असं दिसलं की एक अगदी बारीक जंतू त्यातूनही पलीकडे जातो. तेव्हापासून गाळणी आणखी बारीक झाली आणि आजही गाळणीची परीक्षा त्याच बारीक जंतूवर घेतात.

उष्णता सोसणारं औषध वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर पंधरा मिनिटं तापवतात, आपल्या कुकरसारखंच. पण डोळ्यांची बरीच औषधं आणि त्यांच्या मऊ प्लास्टिकच्या बाटल्या ही उष्णता सोसत नाहीत. मग औषध गाळून निर्जंतुक करायचं, बाटल्या वायूने किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक करायच्या आणि दोन्ही एका निर्जंतुक खोलीत एकत्र आणायचे. त्या खोलीत हवा गाळूनच येते. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाते, आत येत नाही. काम करणारे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले. सर्वांत जास्त जंतू आणतो तो माणूसच. शेवटी काही बाटल्यांतलं औषध जंतूंना पोषक अशा द्रवात चौदा दिवस ठेवून पाहतात. काही उगवलं नाही तरच माल बाहेर.

आणि तरीही बाटली घरी आली, झाकण उघडलं, की ही सगळी मेहनत आपल्या हातात येते. म्हणून बाटलीत थोडं संरक्षक द्रव्य घालतात. सर्वांत जास्त वापरलं जातं ते बेंझाल्कोनियम क्लोराइड, साधारण ०.०१ टक्के. ते आत शिरलेले जंतू मारतं, पण त्यालाही सीमा आहे. शिवाय ते साबणाच्या जातीचं असल्याने वर्षानुवर्षं थेंब घालणाऱ्या काचबिंदूच्या रुग्णांचे डोळे त्याने कोरडे होऊ शकतात. त्यांच्यासाठी संरक्षक नसलेल्या, एकदाच वापरायच्या छोट्या कुप्या निघाल्या. त्या उघडायच्या, वापरायच्या, टाकायच्या.

आपल्या देशातही कायदा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या १९४५ च्या नियमांत 'एफएफ' नावाची अनुसूची फक्त डोळ्यांच्या औषधांसाठी आहे. बाटलीवर काय छापायचं ते तिच्यात सांगितलं आहे: उघडल्यापासून एका महिन्याच्या आत वापरा, टोक कशालाही लावू नका. मी भिंग घेऊन पाहिलं. माझ्या त्या बाटलीवरही ते छापलेलं होतं. खाली, तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरात.

हे आता जुनं झालं असं वाटत असेल तर २०२३ ची घटना सांगते. कोरड्या डोळ्यांसाठीचे 'कृत्रिम अश्रू', तमिळनाडूत बनलेले, अमेरिकेत विकले जात होते. ते संरक्षकाशिवाय होते, पण एकदाच वापरायच्या कुपीत नव्हे, रोज उघडायच्या बाटलीत. त्या साथीत तिथल्या १८ राज्यांतल्या ८१ जणांना औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनासची लागण झाली. १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळाच काढावा लागला, चार जण दगावले. कारखान्याच्या तपासणीत निर्जंतुकतेच्या पद्धतीत उणिवा नोंदवल्या गेल्या. सत्तर वर्षांपूर्वीचा तोच जंतू, तीच चूक. माल आपल्या देशातला होता म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

आता माझ्या घरचे नेम सांगते. बाटली उघडली की त्यावर पेनने तारीख. महिना झाला की टाकायची, अर्धी असली तरी. एका डोळ्याची बाटली दुसऱ्या माणसाला नाही. हात धुऊन, खालची पापणी ओढून एकच थेंब. बाटलीतला थेंब डोळ्यात मावतो त्याहून मोठाच असतो, दुसरा गालावरच जातो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन औषधं असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची. आणि डोळा लाल झाला तर आधी डॉक्टर, मग थेंब. पर्व असो, लग्न असो, पाहुणे असोत.

कॉमर्सवाली म्हणून हिशेबही केला. पाच मिलीच्या बाटलीत साधारण सव्वाशे थेंब. मी जी वाचवली ती अर्धी बाटली, तीस-पस्तीस रुपयांची. दुसऱ्या बाजूला ह्यांचा उजवा डोळा. हे खातं कधी जुळणार नाही.

परवा संध्याकाळी ते ओसरीवर पेपर वाचत होते. उजवा डोळा मिटून, डाव्याने. मी फ्रिजचं दार उघडलं, एका बाटलीवरची तारीख पाहिली. एकतीस दिवस झाले होते. अजून बरंच औषध शिल्लक होतं. टाकून दिली.

तुम्हीही हा लेख वाचून उठलात की आधी फ्रिजचं दार उघडून पाहा.

जय जिनेंद्र.